गिरगाव पाहावे कसे?

मुंबईस पाहुणे म्हणून येणाऱ्या मंडळींचा मुंबई पाहण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. राणीचा बाग, वस्तुसंग्रहालय, गेटवे, आणि सायंकाळी चौपाटीवरील वाळूत बसून भेळ! चौपाटीकडे पाठ करून, चर्नी रोड स्थानकाचा पूल ओलांडून दहा मिनिटे पूर्वेस चालले असता मराठी नाटक, गायन, चित्रपट आणि ग्रंथप्रकाशन ज्या गल्ल्यांत वाढले तेथे आपण येऊन पोहोचतो, हे त्यांस सांगणारा क्वचितच भेटतो. एखाद्या जिज्ञासू पाहुण्याने “तुमच्या गिरगावात पाहण्यासारखे काय आहे?” असा सरळ प्रश्न केला, तर आम्ही गिरगावकरही क्षणभर घोटाळतो, कारण ज्या वास्तूंची नावे अभिमानाने घ्यावी, त्यांतील कित्येक आज जागेवर नाहीत. तथापि एक दुपार व एक सायंकाळ मोकळी असेल, पायांत चालण्याचे बळ असेल आणि बरोबर घरातील मुले असतील, तर गिरगाव कसे पाहावे हे आम्ही आमच्या अल्प अनुभवावरून सांगतो.

दुपारी तीनच्या सुमारास चर्नी रोड स्थानकावर उतरून प्रथम उत्तरेस रॉयल ऑपेरा हाऊसकडे वळावे. या नाट्यगृहाचे उद्घाटन १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. विलायती संगीतिकांसाठी बांधलेल्या या रंगमंदिरात पुढे चित्रपट आले आणि १९९३ साली त्याची दारे बंद झाली. तब्बल तेवीस वर्षांनी, जीर्णोद्धार होऊन, २०१६ साली ती पुनः उघडली. खेळ असेल त्या दिवशी तिकीट काढून आतील सज्जे व सोनेरी नक्षी अवश्य पाहावी. याच ऑपेरा हाऊसच्या परिसरात प्रा. बा. र. देवधर यांनी १९२५ साली स्थापिलेले संगीत-विद्यालय होते, व त्याच विद्यालयात कुमार गंधर्वांचे बालपणीचे शिक्षण झाले.

येथून पूर्वेस जाणारा हमरस्ता म्हणजे जुना सँढर्स्ट रोड, आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. लाहोर येथे १९०१ साली गांधर्व महाविद्यालय स्थापून पं. विष्णु दिगंबर पलुस्कर १९०८ साली मुंबईस आले, व याच रस्त्यावर त्यांनी विद्यालयाची स्वतःची इमारत उभारली. गाणे ही सभ्य घरातील मुलामुलींनी शिकण्याची विद्या आहे, हे आपल्या समाजास पटविण्यात या विद्यालयाचा वाटा फार मोठा. पुढे कर्जापायी ती वास्तू हातची गेली. परंतु विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, आणि वर ज्यांचा उल्लेख केला ते देवधर, असे शिष्य मागे राहिले. इमारत गेली तरी विद्या टिकते, हे मुलांस समजावून सांगण्यास याहून चांगले स्थळ नाही.

याच रस्त्यावरील कॉरोनेशन चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्याचा उगमही गिरगावातच आहे. १९११ साली ईस्टरच्या सुमारास फाळके आपल्या मुलास घेऊन येथील एका चित्रपटगृहात गेले व लगेच पुनः सरस्वतीबाईंस घेऊन गेले. पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र चालले असता त्यांच्या मनात राम-कृष्णांच्या मूर्ती उभ्या राहिल्या. कॉरोनेशन आज नाही. त्याच्या खुणेसाठी फार वेळ घालवू नये.

प्रार्थनासमाजाच्या नाक्यावरून दक्षिणेस वळले की आपण जगन्नाथ शंकरशेट मार्गावर, म्हणजे जुन्या गिरगाव रोडवर येतो. पोर्तुगीज चर्चजवळ खोताची वाडी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत आडनावाच्या एका पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ही वस्ती वसली व पुढे तेथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी लाकडी सज्ज्यांची, कौलारू छपरांची टुमदार घरे बांधली. एके काळी येथे साठाहून अधिक घरे होती; आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. येथे एक विनंती. ही घरे प्रदर्शनातील नव्हेत. त्यांत माणसे राहतात. खिडकीतून डोकावू नये, विचारल्यावाचून छायाचित्र घेऊ नये, आणि मोठ्याने बोलू नये.

पुढे रस्त्यावर मॅजेस्टिक सिनेमाची जागा लागते. आज तेथे बाजार-संकुल आहे. १४ मार्च १९३१ रोजी हिंदुस्थानचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ येथेच लागला. त्या दिवशीची गर्दी आनंदाची होती खरी. पण त्याच दिवसापासून संगीत नाटक मंडळ्यांस उतरती कळा लागली. गाणारा नट पडद्यावर थोड्या पैशांत दिसू लागल्यावर मोठा संसार घेऊन गावोगाव फिरणारी नाटक मंडळी कितीशी तगणार? थिएटरे हळूहळू सिनेमावाल्यांकडे गेली, नट बेकार झाले.

घाव जसा गिरगावात पडला, तसा त्यावरील उपायही गिरगावातच झाला. मॅजेस्टिकपासून थोड्याच अंतरावर, केळेवाडीत, मुंबई मराठी साहित्य संघाची वास्तू आहे. १९३५ साली संघ स्थापन झाला. त्याचे धुरीण डॉ. अ. ना. भालेराव हे व्यवसायाने वैद्यक करणारे गृहस्थ होते. १९४४ साली संघाने मराठी रंगभूमीचा शताब्दी-महोत्सव मुंबईस मोठ्या प्रमाणावर भरविला, आणि नाटक संपले असे म्हणणारांस शेकडो प्रेक्षकांनी उत्तर दिले. त्याच डॉक्टरांच्या नावाचे नाट्यगृह केळेवाडीत १९६४ साली उभे राहिले. मराठी नाटकास पुनः उभे करण्याचे हे श्रेय कोणा संस्थानिकाचे नव्हे. कचेरीतून परतल्यावर वर्गणी गोळा करणाऱ्या, खुर्च्या मांडणाऱ्या आणि शेवटी तिकीट काढून त्याच खुर्च्यांवर बसणाऱ्या मध्यमवर्गीय शेजाऱ्यांचे ते आहे.

सायंकाळच्या खेळास अवकाश असेल तर खाडिलकर मार्गाने फेरी मारावी. ‘मानापमान’ व ‘स्वयंवर’ लिहिणाऱ्या नाट्याचार्यांचे नाव या रस्त्यास आहे, आणि त्यांनी १९२३ साली सुरू केलेला ‘नवाकाळ’ही येथलाच. जवळच्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. खटाववाडीतील मौज छापखान्याने मराठी साहित्यास काय दिले, हे ज्यांनी ‘सत्यकथा’ बंद होईपर्यंत, म्हणजे १९८२ पर्यंत, दर महिन्यास वाट पाहून वाचली, त्यांस सांगावयास नको. चालून भूक लागली तर ठाकूरद्वारजवळ फणसवाडीच्या कोपऱ्यावरील ‘विनय’मधील मिसळ खावी.

मोटार आणू नये. ती उभी करण्यास जागा मिळत नाही. २०२५ साली भुयारी रेल्वेचे गिरगाव स्थानक सुरू झाल्यापासून येणे फार सोपे झाले आहे. त्या स्थानकासाठी कित्येक जुन्या चाळी पाडाव्या लागल्या, हेही मुलांस सांगावे. चाळी पडल्याबद्दल शोक करणारांत आम्ही स्वतः आहोत. पण आपल्याच लोकांची एक चूक येथे बोलून दाखविली पाहिजे. दोन खोल्यांत पाहुण्यांसह आठ-दहा माणसे आणि पाण्यासाठी पहाटेची रांग यांस कंटाळून आपली कुटुंबे दादर, पार्ले, डोंबिवली, पुणे अशी पांगली. त्यात दोष काहीच नाही. दोष असा की, जाताना आपण प्रेक्षकही घेऊन गेलो. पाडव्याच्या शोभायात्रेस नऊवारी नेसून वर्षातून एकदा आपण परत येतो, जुन्या वाडीसमोर छायाचित्र काढतो आणि गिरगाव राहिले नाही म्हणून हळहळतो. त्याच सुमारास केळेवाडीच्या नाट्यगृहात एखादा हौशी संघ अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक करीत असतो.

म्हणून आमची सूचना एवढीच. गिरगावच्या फेरीचा दिवस साहित्य संघात खेळ असेल असाच निवडावा. आगाऊ चौकशी करून घरातील सर्वांची तिकिटे काढावी. आणि दिवसभर जे पाहिले त्याची सांगता तिसऱ्या घंटेने करावी. खेळ संपल्यावर चर्नी रोडच्या पुलावरून परतताना मुले नाटकातील नक्कल करू लागली, तर गिरगाव पाहून झाले असे खुशाल समजावे.