सावड म्हणजे मदत की मजुरी?

लावणी जवळ आली की आपल्या हेदवीत काय, साऱ्या गुहागर तालुक्यात काय, एक शब्द कानावर येतोच: सावड. "आज कुणाच्या सावडीला?" असं आपण सहज विचारतो. पण नव्या सुना आम्हाला विचारतात, ही मदत की मजुरी?

खरं तर दोन्ही नाही. आज तुम्ही शेजारणीच्या मळ्यात दिवसभर लावणी केलीत, तर तो दिवस तिच्यावर चढला. तिने तो दिवसानेच फेडायचा, पैशाने नाही. घाटावरची इर्जिक वेगळी. तिथे सगळे मिळून एकाच्या शेतात राबतात, तो सगळ्यांना जेवू घालतो आणि हिशेब तिथेच मिटतो. (आणि हो, राख 'सावडतात' म्हणून कुणी हा शब्द अशुभ मानू नये. तिथे सावडणं म्हणजे गोळा करणं.)

सावडीत सगळ्यात मोलाची असते ती वेळ. भाताची रोपं साधारण 21 ते 25 दिवसांची झाली की लावावीत. जून झाली की फुटवे कमी येतात. एकट्या घराला हे साधत नाही, दहाजणींना साधतं. पण दहावीची पाळी लांबली, तर भात तिचंच घटतं. म्हणून पेरणीच दोन-दोन दिवसांच्या अंतराने करावी, आणि पाळी रोपांच्या वयावर ठरवावी. घर कुणाचं मोठं, हे बघू नये.

भांडण होतं ते मोजण्यावरून. पूर्वी जोत घेऊन येणाऱ्याला बदल्यात माणसांचे दिवस मिळत. आता पॉवर टिलर आला. त्याच्या एका तासाला बाईने किती दिवस वाकायचं? आमचं मत स्पष्ट आहे: टिलरचं भाडं पैशात द्यावं, लावणीचा दिवस दिवसात. आणि बाईचा दिवस पुरुषाच्या दिवसाएवढाच धरावा. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला होता, मग सावडीत बाईचा दिवस अर्धा का?

जिला वाकवत नाही, तिने सगळ्यांची मुलं सांभाळली, जेवण रांधलं, तर तोही दिवसच.

हे सारं बचत गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहावं: कोण, कुणाकडे, किती दिवस. मध्येच कुणी मुंबईला गेली, तर तिचे दिवस घरातलं कोण फेडणार, तेही लावणीआधीच विचारून घ्यावं.