मुंबईला दुसरा फुटबॉल संघ पेलवेल?

१ जून २०१८ च्या संध्याकाळी अंधेरीच्या क्रीडा संकुलात भारतीय फुटबॉल संघाने चायनीज तैपेईचा पाच-शून्य असा फडशा पाडला. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. ते पाहायला मैदानात हजर होते २,५६९ प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसृत केली. आम्हाला शिव्या घाला, नावे ठेवा, पण मैदानात येऊन ठेवा, अशी त्याने अक्षरशः हात जोडून विनवणी केली. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्याची सारी तिकिटे संपली. पाऊस कोसळत होता, मैदानात पाणी साचले होते, तरी लोक हलले नाहीत. भारत तीन-शून्यने जिंकला.

मैदान तेच, संघ तोच, तिकिटाचा दरही काही आकाशाला भिडलेला नव्हता. मधल्या तीन दिवसांत बदलले एवढेच की साध्या सामन्याचा ‘प्रसंग’ झाला. प्रसंगाला मुंबईकर कधी कमी पडत नाही. याच संकुलात नोव्हेंबर १९९६ मध्ये मायकेल जॅक्सन नाचून गेला तेव्हाही तो कमी पडला नव्हता. अडचण येते ती प्रसंग नसलेल्या दिवशी. व्यावसायिक संघाचे पोट मात्र अशा बिनप्रसंगाच्या दिवसांवरच भरायचे असते. म्हणून मुंबईला आणखी एक व्यावसायिक फुटबॉल संघ हवा, अशी चर्चा निघाली की पहिला प्रश्न पैशाचा येत नाही. कुठल्याशा बुधवारी, गुणतक्त्यात तळाला असलेल्या पाहुण्या संघाविरुद्धचा सामना बघायला येणार कोण, हा तो प्रश्न.

१.२४ कोटी लोकांचे शहर (हा आकडा २०११ च्या जनगणनेचा, बृहन्मुंबईपुरता, ठाणे, कल्याण, नवी मुंबई वेगळेच) आणि अव्वल दर्जाचा संघ एकच, मुंबई सिटी. कोलकात्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग असे तीन संघ एका शहराच्या मैदानावर पिढ्यान्पिढ्या एकमेकांचे वाभाडे काढत आले आहेत. मग मुंबईला दोन का झेपू नयेत, असे कुणाच्याही मनात येईल. पण मुंबईत संघ नव्हते असे नाही. ते होते, चांगले होते आणि एकामागून एक गेले.

कुलाब्याकडे जाताना ओव्हल मैदानाच्या टोकाला कूपरेज लागते. रोव्हर्स कप ही १८९१ साली मुंबईत सुरू झालेली स्पर्धा. देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली. रोव्हर्स २००१ नंतर बंद पडली, पण त्याआधीच्या काही दशकांत मुंबईच्या फुटबॉलला एक वेगळाच आधार होता, तो म्हणजे कचेरीचा. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, महिंद्र. खेळाडू कंपनीच्या हजेरीपटावर असायचा. थोडे काम, दुपारनंतर सराव, महिनाअखेरीस पगार आणि गुडघा गेला तरी नोकरी शाबूत. आईबापांना हे पटायचे. मुलगा फुटबॉल खेळतो म्हटल्यावर कपाळाला आठी पडायची, पण तो एअर इंडियात आहे म्हटले की ती पुसली जायची.

या व्यवस्थेत एक गोम होती. संघ कंपनीचा होता, मुंबईचा नव्हता. त्याच्या जर्सीवर कुठल्या पेठेचे, वाडीचे, उपनगराचे नाव नव्हते. महिंद्रचा संघ १९६२ चा. पुढे तो महिंद्र युनायटेड झाला आणि २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय लीगही जिंकली. देशातला अव्वल संघ त्या वर्षी मुंबईचा होता, हे किती मुंबईकरांच्या ध्यानात असेल? २०१० मध्ये कंपनीने संघ बंद करून शालेय फुटबॉलकडे वळायचे ठरवले. कंपनीने आपल्या पैशाचे काय करावे हा तिचा प्रश्न; त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पण त्या निर्णयाविरुद्ध शहर पेटून उठले नाही, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट. मोहन बागान बंद करायची नुसती अफवा उठली तर कोलकात्यात काय होईल, याची कल्पना करून पाहावी. पुढे क्लबांसाठी परवान्याचे नियम कडक झाले. क्लब ही स्वतंत्र संस्था हवी, तिचे युवा संघ हवेत, हिशेब हवेत. कचेरीतल्या क्रीडा विभागाला हे जमणारे नव्हते. २०१३ नंतर एअर इंडियाही राष्ट्रीय लीगमध्ये दिसली नाही.

मधल्या काळात, २००७ साली, मुंबई एफसी उभी राहिली. हिच्या नावात तरी मुंबई होती. या संघाची कहाणी ऐकली की हसावे की रडावे कळत नाही. कूपरेजचे नूतनीकरण चालू असल्यामुळे २०१२-१३ च्या हंगामात मुंबईच्या या संघाचे ‘घरचे’ मैदान होते पुण्याचे बालेवाडी. घरचा सामना पाहायला बोरिवलीच्या माणसाने बोरघाट चढून जायचे! खालिद जमील हा या संघाचा सात वर्षे प्रशिक्षक. खेळाडू म्हणून महिंद्र आणि एअर इंडियाकडून घडलेला हा माणूस. हाताशी पैसा बेताचा, तरी त्याने दरवर्षी संघ तळातून वर काढला आणि पदावनती टाळली. २०१६ मध्ये त्याला निरोप मिळाला. तो मिझोरमच्या ऐजॉल एफसीकडे गेला आणि एप्रिल २०१७ मध्ये त्या डोंगरातल्या छोट्या गावाच्या संघाला त्याने आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहिली, खालच्या श्रेणीत ढकलली गेली आणि नंतर बंदच पडली. २०२५ मध्ये जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. ज्या तीन संघांनी त्याला घडवले, ते तिन्ही एव्हाना राष्ट्रीय फुटबॉलमधून पुसले गेले होते.

आता मुंबई सिटीकडे वळू. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर हा संघ जन्मला. चित्रपटताऱ्याची मालकी, परदेशी नामवंत खेळाडू, नेरुळचे पन्नास हजारांच्या आसपास क्षमतेचे डी. वाय. पाटील स्टेडियम, असा थाट होता. २०१६ पासून संघ अंधेरीच्या साधारण सात हजार खुर्च्यांच्या मैदानात आला. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने, यात मोठा वाटा घेतला आणि संघ खरोखर उत्तम झाला. २०२१ आणि २०२४ मध्ये अजिंक्यपद, २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब हा मान. पण २०२१ चा चषक महामारीमुळे मडगावच्या फातोर्ड्यात रिकाम्या खुर्च्यांसमोर उचलला गेला आणि २०२४ चा कोलकात्यात, मोहन बागानच्या अंगणात. शहराने आपला विजय आपल्या डोळ्यांनी, आपल्या मातीत पाहिला आहे असे झालेच नाही.

थोडा हिशेब करू. घरखर्चाइतकाच सोपा आहे. सात हजार खुर्च्या, समजा प्रत्येक वेळी भरल्या. तिकीट सरासरी तीनशे रुपये धरा. एका सामन्याचे एकवीस लाख झाले. २०२४-२५ च्या हंगामात प्रत्येक संघाला घरचे बारा सामने होते. म्हणजे वर्षाचे अडीच कोटी. आणि खर्च? लीगने खेळाडूंच्या पगारावर घातलेली मर्यादाच एका टप्प्यावर साडेसोळा कोटींची होती. प्रवास, प्रशिक्षक, मैदानाचे भाडे वेगळे. म्हणजे खुर्च्या भरूनही पगाराचा सहावा हिस्साच निघतो. बाकीचे दूरचित्रवाणीचे हक्क, प्रायोजक आणि मालकाची हौस. यांतले एक जरी डळमळले तर डोलारा हलतो. २०२५ मध्ये नेमके तेच झाले. लीगच्या व्यापारी हक्कांचा करार संपत आला, नवा ठरेना, जुलैत हंगामच लांबणीवर पडला आणि वर्षअखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईतून अंग काढून घेतले. जगातल्या श्रीमंत फुटबॉल मालकांना जे परवडले नाही, ते दुसरा कोणी त्याच पद्धतीने करू म्हणेल तर त्याला शुभेच्छाच द्याव्या लागतील.

मग मुंबईला फुटबॉलची आवड नाही काय? हे मात्र मला मान्य नाही. मालाडपासून मुलुंडपर्यंत तासाच्या भाड्याने मिळणारी हिरवी टर्फ पाहा. रात्री अकरालाही दिव्यांच्या झोतात पोरे घामाने निथळत खेळताना दिसतील. अंगावर मँचेस्टर, माद्रिद, बार्सिलोनाच्या जर्सी. शनिवारी रात्री इंग्लंडचे सामने जागून पाहणारी घरे गल्लोगल्ली सापडतील. खेळायला पैसे मोजणारा आणि परदेशी खेळ पाहायला झोप मोडणारा हा मुलगा अंधेरीच्या मैदानात का जात नाही?

एक कारण अगदी साधे आहे, लोकल. संध्याकाळी साडेसातला सुरू झालेला सामना साडेनऊला संपतो. अंधेरीहून वसई-विरार गाठायचे तर उशीर होतोच, पण डोंबिवली-बदलापूरच्या माणसाला मेट्रोने घाटकोपर, तिथून मध्य रेल्वे आणि पुढे रिक्षा असा प्रवास करून घरी पोचायला मध्यरात्र होते. दुसऱ्या दिवशी सकाळची ८.११ असतेच. त्यात आपली दमट हवा, जी ऑक्टोबरात खेळणाऱ्याला आणि बघणाऱ्याला सारखीच पिळून काढते. बायकामुलांना घेऊन कुणी एकदा जाईल. बारा वेळा जाणार नाही.

दुसरे कारण समजून घ्यायला कोल्हापूरला जावे लागेल. तिथे ना फ्रँचायझी, ना परदेशी मालक. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. संघ तालमींचे आणि पेठांचे. शाहू स्टेडियमवर यांतल्या दोघांची गाठ पडते तेव्हा आजोबा, मुलगा आणि नातू एकाच बाकावर बसून एकाच सुरात पंचाचा उद्धार करतात. मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आणि खेळणारा पोरगा शेजारच्या गल्लीतला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. आता हेही खरे की नुसती आवड पुरत नाही. गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या किनाऱ्यावरून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तीन संघ २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, आणि धेंपो तर पाच वेळा देशाचा विजेता होता. पण धेंपो संपला नाही. त्याची मुळे गावात होती, तो खालच्या पातळीवर खेळत राहिला आणि काही वर्षांनी आय-लीगमध्ये परतला. मुंबईचे संघ पडले ते उठलेच नाहीत.

माझ्या मते मुंबई दुसरा संघ पेलू शकते; पण तो ‘मुंबई’चा संघ नसावा. ठाण्याचा असावा, वसईचा असावा, कल्याण-अंबरनाथच्या पट्ट्यातला असावा. मैदान स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, खुर्च्या चार-पाच हजार, सामने रविवारी दुपारी उशिरा, म्हणजे आठ वाजता माणूस घरी जेवायला. वर्गणीदार सभासद हवेत, वर्षाला हजार-दोन हजार देणारे आणि म्हणून वार्षिक सभेत भांडायचा हक्क असलेले. सुरुवात खालच्या श्रेणीतून होईल. वर चढायला दहा वर्षे लागतील आणि कदाचित चढणारही नाही. अंबरनाथ युनायटेड आणि केंकरे यांच्यासारखे क्लब राष्ट्रीय लीगच्या पायऱ्यांवर धडपडले आहेत. केंकरेने आय-लीगपर्यंत मजल मारली आणि २०२३ मध्ये तो खाली आला. त्यांना कमी पडले ते कसब नव्हे, हक्काचे मैदान. महापालिकांची मैदाने आहेत, पण ती आज सभेला, उद्या लग्नाला, परवा गरब्याला दिली जातात. एखाद्या क्लबाला तिथे पंधरा वर्षांचा करार द्यायचा तर नगरसेवकापासून मंडळापर्यंत सगळ्यांच्या भुवया वर जातात.

यात अडकलेले काही नुसते करमणुकीचे नाही. राहुल भेके हा मुंबईचा मुलगा एके काळी मुंबई एफसीकडून खेळला. आशियाई चॅम्पियन्स लीगमधल्या त्या पहिल्या विजयात निर्णायक गोल त्याचाच, आणि २०२४ मध्ये मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून चषक उचलला तोही त्यानेच. तो शिडी चढला तेव्हा मधल्या पायऱ्या जागेवर होत्या. आज मालवणीतल्या किंवा धारावीतल्या सोळा वर्षांच्या मुलाला शाळेच्या संघानंतर थेट मुंबई सिटीचे दार दिसते, आणि त्या दारातून वर्षाला दोन-चार मुलेच आत जातात. बाकीची तासाच्या भाड्याच्या टर्फवर खेळतात, आणि नोकरी लागली की तेही सुटते.