पाण्यातले बेंझिन कसे पकडतात?
पेट्रोलची भूमिगत टाकी गळू लागली, की कर्करोगाला कारणीभूत ठरणारे बेंझिन भूजलात मिसळू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. इतके कमी बेंझिन मोजायचे, तर आधी ते एकत्र गोळा करावे लागते. पण पाणी आटवले, तर बेंझिनच आधी उडून जाते.

प्रयोगशाळा याच गुणाचा उपयोग करते. नमुन्यातून हेलियमचे बुडबुडे सोडतात. त्यांच्याबरोबर बाहेर पडलेले बेंझिन शोषक पदार्थ भरलेल्या नळीत अडकते. नळी झटकन तापवली, की ते एकदम सुटून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये जाते आणि मोजले जाते.

नमुन्याची बाटली मात्र काठोकाठ भरायची. आत हवा राहिली, तर बेंझिन तिच्यात निसटते आणि दूषित पाणीही अहवालात सुरक्षित ठरू शकते.