फॉस्फेट कुठे बसतो, यावर सारं

रात्री नऊला जेवलेला माणूस पहाटे उठतो, तेव्हा जेवणातली साखर केव्हाच संपलेली असते. तरी त्याला भोवळ येत नाही. यकृत रात्रभर आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडत असतं आणि सोबत नवी साखरही तयार करत असतं. त्यासाठी लागणाऱ्या विकरांची जनुकं मात्र आधी कामाला लागावी लागतात.

अशा जनुकांच्या तोंडाशी, म्हणजे प्रमोटरवर, क्रेब हे प्रथिन बसतं. पुष्कळदा ते तिथे आधीपासूनच असतं, पण नुसतं बसून जनुक चालू होत नाही. पोट रिकामं झालं की स्वादुपिंड ग्लुकागॉन हे संप्रेरक सोडतं. यकृताच्या पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, प्रोटीन कायनेज-ए हे विकर मोकळं होऊन केंद्रकात शिरतं आणि एटीपीचा एक फॉस्फेट क्रेबला जोडतं. ३४१ अमिनो आम्लांच्या साखळीतली १३३वी जागा, तिथलं सेरीन. गोन्झालेझ आणि माँटमिनी यांनी १९८९ मध्ये, सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या जनुकावर काम करताना, हे एक सेरीन बदलून पाहिलं. क्रेबने सायक्लिक एएमपीला दाद देणंच सोडलं!

एवढ्याशा फॉस्फेटने असं होतं तरी काय? क्रेबचा या सेरीनभोवतालचा भाग एरवी सुट्या दोऱ्यासारखा सैल असतो. फॉस्फेट बसल्यावर सीबीपी या सुमारे २,४०० अमिनो आम्लांच्या अवाढव्य प्रथिनाशी तो घट्ट जुळतो आणि जुळता जुळताच त्याला पीळ पडून आकार येतो. मला या साऱ्या गोष्टीतली हीच जागा सर्वांत विलक्षण वाटते. प्रथिनाला आधी आकार असतो आणि मग काम, असं आपण शिकलेलो असतो. इथे जोडीदार भेटल्यावर आकार येतो. मग सीबीपी डीएनएभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांवर अॅसिटिल गट चढवून तिथली वीण सैल करतं आणि आरएनए पॉलिमरेजला वाट मिळते.

क्रेबचा दुसरा सोबती, सीआरटीसी-२, नेमका उलट वागतो. त्याच्यावर फॉस्फेट असले की तो केंद्रकाबाहेर अडकून पडतो. उपाशीपोटी ते उतरले की आत येऊन क्रेबला बिलगतो. म्हणजे एकाच रात्री एका प्रथिनावर फॉस्फेट चढतो, दुसऱ्यावरून उतरतो, आणि दोघं एकाच प्रमोटरवर भेटतात.

सकाळी पोह्यांची बशी रिकामी होते, इन्शुलिन वाढतं. सीआरटीसी-२वर पुन्हा फॉस्फेट चढतात आणि तो केंद्रकाबाहेर जातो. क्रेबवरचा फॉस्फेट फॉस्फेटेज विकरं काढून टाकतात.