वीस आठवड्यांचं घड्याळ

विठ्ठलवाडी स्टेशनवर सकाळची लोकल पकडणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, तिचा अख्खा दिवस घड्याळावर चालतो. लोकल, पंचिंग, डेडलाइन... पण प्रेग्नन्सीमागेही कायद्याचं एक घड्याळ टिकटिकत असतं, हे किती जणींना माहीत असतं?

आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या भाईंदरच्या निकेता मेहताला ते २००८ मध्ये कळलं. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास पोटातल्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं निदान झालं. १९७१ च्या कायद्याची मर्यादा मात्र होती २० आठवड्यांची. त्यापुढे गर्भपात करायचा, तर आईचा जीव धोक्यात असायला हवा! निकेता, पती हरेश आणि डॉ. निखिल दातार मुंबई हायकोर्टात गेले. ४ ऑगस्टला कोर्टाने परवानगी नाकारली. कायदा बदलणं संसदेचं काम, असं कोर्टाचं म्हणणं. त्यानंतर काही दिवसांतच तिचा गर्भपात आपोआप झाला.

गोची कुठे होती? बाळातले दोष शोधणारी मोठी सोनोग्राफी होते साधारण १८ ते २० आठवड्यांदरम्यान. शंका आली की पुढची टेस्ट, मग सेकंड ओपिनियन. तोवर वीस आठवडे संपलेले! डॉक्टरांना उपाय माहीत, पण हात बांधलेले. क्लिनिकमधला निर्णय थेट कोर्टात. आणि जिच्याकडे वकिलाची फी नाही, तिने काय करायचं?

कायदा बदलायला २०२१ उजाडलं. म्हणजे तब्बल १३ वर्षं.

आता काय आहे?

• २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरेसं.
• २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने यात अविवाहित मुलींनाही सामावून घेतलं.
• २४ नंतर बाळात गंभीर दोष असेल, तर मेडिकल बोर्ड ठरवतं. बोर्डाने तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो.
• तुम्ही सज्ञान असाल तर फक्त तुमची संमती. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

घड्याळाचा काटा पुढे सरकला, थांबला नाही. चोविसाव्या आठवड्यानंतर शेवटचा शब्द आजही तिचा नाही, बोर्डाचा किंवा कोर्टाचा. तेव्हा सोनोग्राफीची तारीख ‘ऑफिसमधून सुट्टी मिळाली की बघू’ म्हणत पुढे ढकलू नका. एकेक आठवडा मोलाचा असतो!