टोमॅटो चिरल्यावर काय कळते, काय कळत नाही

टोमॅटो तोडल्यानंतरही पिकतो. आंबा-केळ्यांप्रमाणे तो इथिलीन वायू स्वतःच तयार करतो, आणि त्या वायूमुळेच त्याचा रंग, वास, मऊपणा बदलत जातो. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून लांबच्या शहरांकडे जाणारा माल म्हणूनच लाल होण्याआधी तोडतात; पूर्ण पिकलेला माल क्रेटमध्ये चेपतो. बाहेरून इथिलीन देऊन फळे पिकवणेही बेकायदा नाही. हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत हा वायू वापरायला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची परवानगी आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर. दमट हवेत त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि इथिलीनसारखेच काम करतो. मात्र कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात. खरा धोका त्यांचा.

घरी सर्वांत जास्त सांगतो तो टोमॅटोचा काप. फळ आडवे चिरावे. चांगल्या पिकलेल्या टोमॅटोत बियांभोवतीचा गर बुळबुळीत आणि लालसर असतो. साल लाल, पण आतला गर हिरवा आणि मधला दांडा पांढरा, कडक असेल, तर फळ आतून पिकलेले नाही. सुरीने बियाच कापल्या गेल्या, तर ते कोवळेच तोडले होते असे समजावे. गर नीट भरलेल्या फळात बिया पात्यापासून निसटतात. अशा कोवळ्या फळाला रंग आणता येतो, चव मात्र येत नाही. एवढ्यावरून कार्बाइड वापरले असा निष्कर्ष निघत नाही. कडक उन्हानेही रंग बिघडतो: तापमान 30 अंश सेल्सिअसच्या वर गेले की लाल रंग देणारे लायकोपीन नीट तयार होत नाही आणि देठाजवळचा भाग पिवळाच राहतो. 2020च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, नाशिक भागांत असेच चट्ट्यापट्ट्यांचे टोमॅटो आले आणि ‘तिरंगा व्हायरस’ची भीती पसरली. तो वनस्पतींवरचा रोग होता. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण अफवेने शेतकऱ्यांचे भाव पाडले.

पाण्यात तरंगला म्हणजे रसायनाचा, ही समजूत तर निव्वळ भाकड. आत पोकळी राहिलेला टोमॅटो तरंगतोच. तेलात बुडवलेल्या कापसाने चिरलेली फोड पुसली की कापूस केशरी होतो, तेही लायकोपीन तेलात विरघळते म्हणून. वरून रंग लावला आहे का, हे पुसून पाहायचेच तर अखंड साल पुसावी. लसणासारखा उग्र वास किंवा फळांमध्ये ठेवलेली राखाडी भुकटीची पुडी मात्र कार्बाइडच्या संशयाला पुरेशी आहे. सालीवरचा पांढरट थर बहुधा फवारणीचा किंवा धुळीचा असतो. कीटकनाशक किती उरले आहे, हे प्रयोगशाळेतच कळते.

स्वयंपाकघरात खरी काळजी धुण्याची घ्यायला हवी. टोमॅटोच्या सालीला रंध्रे नसतात. पाणी शिरते ते देठाच्या खाचेतून. उन्हात तापलेले फळ गार पाण्यात टाकले की आतली हवा आकसते आणि पाणी, त्यातल्या जंतूंसह, आत ओढले जाते. म्हणून टोमॅटो पातेल्यात भिजत ठेवू नयेत. नळाच्या वाहत्या पाण्याखाली एकेक चोळून धुवावा, पुसावा आणि मग देठाकडचा भाग कापून टाकावा. सालीवरचा कीटकनाशकाचा बराचसा अंश त्याने निघतो. झाडात भिनणारी औषधे गरातही उतरलेली असतात, ती मिठा-हळदीच्या पाण्यानेही जात नाहीत.

तडकलेला टोमॅटो त्याच दिवशी शिजवावा. बुरशी धरलेला असेल, तर तेवढाच भाग कापून बाकीचा वापरू नये. बुरशीमुळे गराची आम्लता कमी होते आणि साल्मोनेलासारख्या जंतूंना तिथे वाढायला वाव मिळतो.