भुईमुगातील तणनियंत्रण
भुईमुगाचे रोप बुटके असून सुरुवातीस सावकाश वाढते. त्यामुळे पाणी, अन्नद्रव्ये व सूर्यप्रकाश यांच्या स्पर्धेत तणे त्यावर सहज मात करतात. महाराष्ट्रात खरीप पिकात केना, माठ, घोळ, हराळी व लव्हाळा ही तणे सामान्यतः आढळतात. पेरणीनंतरचे पहिले सुमारे ४५ दिवस पीक तणविरहित ठेवणे अत्यावश्यक असते. कारण पुढे शेतात अवजार चालविता येत नाही. फुलातील फलनानंतर निघालेल्या आऱ्या जमिनीत शिरतात व तेथेच शेंगा पोसतात. या काळात माती हलविल्यास आऱ्या तुटून उत्पादन घटते. म्हणून दोन कोळपण्या व खुरपण्या, साधारणतः तिसऱ्या व सहाव्या आठवड्यात, आऱ्या धरण्यापूर्वीच उरकतात. शेवटच्या कोळपणीने रोपांना मातीची हलकी भर मिळते. त्यानंतर उरलेली मोठी तणे हाताने अलगद उपटतात. मजुरांची टंचाई असल्यास पेरणीनंतर, परंतु उगवणीपूर्वी, ओलसर जमिनीवर पेंडीमेथॅलिन हे तणनाशक फवारतात. लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठी मात्र त्याने मरत नाहीत. त्यासाठी उन्हाळ्यात खोल नांगरट करून वर आलेल्या गाठी वेचून काढाव्या लागतात.